खिडकीजवळच्या माणसाचं घड्याळ

बुधवारी जीवन पहिली पाळी करून आला तो घरी न जाता थेट माझ्याकडे. मी ब्लाउजला बाही लावत होते. पाणी मागणं नाही, बसणं नाही; त्यानं आपलं मनगट माझ्या शिलाई मशीनवर, अगदी सुईखाली आणून ठेवलं.

“ताई, हे पाह्य. काटा कसा चालून राहिला.”

“हात काढ पहिले. शिवून टाकीन.”

त्यानं हात जरा मागं घेतला. मी पाहिलं. सेकंदाचा काटा एक-एक घर चालायचं सोडून दोन-दोन घरं उडी मारत होता. उडी मारायचा, थांबायचा, पुन्हा उडी. शाळा सुटल्यावर पोरं पायऱ्या उतरतात तसा.

“सेल संपला असन. तुमसरले जाशीन तवा बदलून आन.”

“सेलवालं नाही ना हे. उजेडावर चालते.”

तेव्हा मात्र मी मशीनचं चाक हातानं थांबवलं.

जीवन माझा धाकटा भाऊ. चिखल्याच्या खाणीत कामाला आहे, आणि तेही भुयारात. रोज पहाटे लिफ्टच्या पिंजऱ्यात उभा राहून खाली उतरतो, मँगनीज काढणाऱ्या टोळीत राबतो आणि दुपारी वर येतो तेव्हा डोळ्यांची बुबुळं सोडून सगळा काळा असतो. आमच्या कॉलनीत हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. माहीत नाही ते फक्त सिहोऱ्याच्या दोन बायकांना. त्यातल्या एकीशी त्याचं लग्न ठरलं आहे आणि दुसरी तिची आई आहे.

हे असं कसं झालं, तर आमच्या गुलाबमामामुळे. प्रतिक्षाला पाहायला आम्ही सिहोऱ्याला गेलो होतो. चहा-पोहे झाले, मुलगी सगळ्यांना पसंत पडली, आणि तिची आई शकुनबाई पदर सावरून म्हणाली, “खानीतला पोरगा चालते मले. पन वरचा पाहिजे. खालचा असन तर आत्ताच सांगा, चहा पिऊन उठा, राग नाही माहा.” तिचा नवरा मध्य प्रदेशाच्या हद्दीतल्या कुठल्याशा लहान खाणीत छत कोसळून गेला होता. प्रतिक्षा तेव्हा शाळेत होती. बाई पोरीला घेऊन भावाच्या आधारानं सिहोऱ्याला आली, दुसऱ्यांच्या बांध्यांत धानाचं रोवणं करून तिनं पोरगी शिकवली. तिचं म्हणणं वाजवीच होतं. जीवन मान खाली घालून बसला. आई पोह्यांत दाणे शोधत बसली. आणि मामा बोलून गेला, “वरचाच आहे ना बाई! टाइम ऑफिसात आहे आमचा भासा. खिडकीपाशी टेबल आहे त्याचा.”

टाइम ऑफिस म्हणजे खाणीच्या वर हजेरी मांडायची कचेरी; पण टेबल कोणी विचारला होता? खिडकी कोणी विचारली होती? पण मामाचं असंच आहे. त्याला खोटं बोलताना हात आखडता घेता येत नाही.

बाहेर आल्यावर मी भांडले. भर रस्त्यावर भांडले. तर आई म्हणाली, “पोरगी चांगली आहे वो, लगन जुडू दे, मंग सांगू.” जीवन म्हणाला, “मी सांगतो ना ताई, फोनवर सांगतो.” आणि फोनवर काय सांगितलं त्यानं? खिडकीबाहेर कडुलिंब आहे म्हणून सांगितलं. कडुलिंबावर खार येते म्हणून सांगितलं. एकदा मी बाजूलाच उभी होते. ती खार आज शेंगदाणे घेऊन गेली म्हणे! मी कपाळावर हात मारला. माणूस एकदा खोट्यात शिरला की त्यात संसार मांडतो.

फेब्रुवारीत साक्षगंध झालं. आमच्याकडे साखरपुड्याला साक्षगंध म्हणतात. बुद्धवंदना झाली, हार घातले, आणि मग प्रतिक्षानं स्वतः जीवनच्या मनगटावर हे घड्याळ बांधलं. तुमसरला चष्मे-घड्याळांच्या एका दुकानात ती काउंटरवर असते. आपल्या पगारातून घेतलेलं, निवडून काढलेलं. निळी तबकडी, पांढरे काटे. “याले सेल बदलायची कटकट नाही,” ती सगळ्यांसमोर म्हणाली, “नुसता उजेड पाहिजे. अन् तुमी त खिडकीतच बसता.” सगळ्या बायका हसल्या. मी हसले नाही, पण गप्पही बसले, हे खरं.

आता तेच घड्याळ माझ्यासमोर उड्या मारत होतं. आणि रविवारी तुमसरला बस्ता होता. म्हणजे दोन्हीकडच्या मंडळींनी एका दुकानात बसून लग्नाचे कपडे घ्यायचे. प्रतिक्षा तिथं असणार. ती दिवसभर घड्याळंच विकते. तिला हा काटा दिसला की दुसरं काही सांगावं लागणार नव्हतं. मे महिना, भंडारा जिल्हा, घराबाहेर पाऊल टाकलं की डोळे दिपतात. अशा दिवसांत घड्याळाला उजेड मिळत नाही असा माणूस असतो कुठे? तो एकाच ठिकाणी असतो.

“खाली घालून जातोस?” मी विचारलं.

“मंग? तिनं दिलं. काढून ठेवाव वाटत नाही.”

“अन् घरी आल्यावर?”

“घरी आल्यावर झोपतो. आईनं खिडक्याले गोनपाटं लावले, कुलर चालू रायते. अंधारच असते.” त्यानं घड्याळाची काच बाहीला पुसली. “जेवनाच्या सुट्टीत मी टोपीच्या दिव्याखाली धरून बसलो होतो. पन लोक पाहून राहिले होते.”

जमिनीच्या पोटात बसून हा माझा भाऊ कपाळावरच्या दिव्यानं सूर्याचं घड्याळ भरत होता.

“ठेव इथं,” मी म्हटलं. “उद्या पाहू काय करायचं ते.”

पण त्यानं घड्याळ ठेवलं नाही. रात्रभर डोळ्यांसमोर असावं म्हणून घेऊन गेला, पहाटे आईपाशी ठेवून कामावर गेला, आणि तिथंच घोळ झाला.

गुरुवारी दुपारी मी आईकडे गेले. माझं घर त्याच कॉलनीत, दोन ओळी सोडून. अंगणात खाट उभी करून त्यावर चढून आई छपराच्या टिनावर काहीतरी चाचपत होती. कुरड्या वाळत घातल्या असतील म्हणून मी लक्ष दिलं नाही. कुरड्या होत्याच. कुरड्यांच्या मधोमध, तव्यासारख्या तापलेल्या टिनावर, निळ्या तबकडीचं घड्याळ आभाळाकडे तोंड करून पडलं होतं.

“आई!”

“ओरडू नको. उनच पाहिजे ना त्याले? मंग खा म्हना आता पोटभर.”

“कवापासून आहे?”

“जीवन ड्युटीवर गेला तवापासून. दुपारून काटा चालतच नाही, म्हनून पाहून राहिली.”

मी खाटेवर चढले आणि घड्याळाला हात लावला. चटका बसला. ओढणीच्या टोकानं उचललं तर पट्टा नरम पडलेला, आणि काटा ठार थांबलेला. उडीही नाही. मी खाली उतरते न उतरते तोच आईनं ते माझ्या हातातून ओढलं आणि माठाच्या ओल्या फडक्यात गुंडाळलं.

“थंडं होऊ दे. गरम झालं ते.”

“अगं, राहू दे, राहू दे!” मी ओरडेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं. फडकं सोडलं तेव्हा काचेच्या आतल्या बाजूनं धुकं धरलं होतं. तबकडी दिसेना. आई त्या काचेवर बाहेरून पदर घासत बसली, आतलं धुकं बाहेरून पुसलं जाईल या आशेनं. मग तिच्या लक्षात आलं आणि ती मटकन ओट्यावर बसली.

“मोडलं का वो लगन?” ती म्हणाली.

शकुन-अपशकुन आमच्या आजोबांनी छप्पन सालीच, दीक्षा घेतली तेव्हाच सोडले. आईचा त्यावर काडीइतका विश्वास नाही. तिला भीती होती ती सरळ हिशेबाची होती: घड्याळ बंद म्हणजे खोटं उघडं, खोटं उघडं म्हणजे पोरगी गेली. जीवन आता तिशीत आला होता. भुयारातल्या पोराला मुली मिळत नाहीत हे तिनं याआधी दोनदा पाहिलं होतं. मला तिचा राग आला होता, पण ती तशी बसलेली पाहून मी तो गिळला.

आता विचारायचं कोणाला? घड्याळासोबत आलेलं कागदाचं पुडकं जीवननं कुठं टाकलं त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं. गावात घड्याळाचं कळणारं कोणी नाही. तुमसरच्या दुकानात फोन करावा तर फोन उचलणार प्रतिक्षाच. मी घरात येरझाऱ्या घातल्या, एका गिऱ्हाइकाच्या परकराचं माप दोनदा चुकवलं, आणि शेवटी तिलाच फोन लावला.

“प्रतिक्षा, काय चाललं? अगं, माह्या ओळखीत एकीच्या घरी जीवनले दिली तशीच उजेडाची घडी आहे. बंद पडली. काय करावं म्हंते ती?”

“बंद पडली? मे महिन्यात?” ती मनापासून हसली. “ताई, अशी घडी दोघायचीच बंद पडते. एक जो कपाटात ठेवते तो, नाही त रातपाळीचा चौकीदार. कोनाची आहे हो?”

“आहे एका बाईची. कपाटात ठेवते,” मी म्हटलं. माझ्या तोंडून मामा बोलत होता.

“मंग घाबरायचं नाही. पन उनात नोको ठेवा म्हना. लोक तेच करतात. टिनावर नाही, गाडीच्या काचेमागं नाही, पिवळ्या बल्बाखाली त अजिबात नाही. गरमीनं आतला साठा खराब होते, उजेड धरनारी चकती कायमची जाते. उजेड पाहिजे, गरमी नाही पाहिजे.”

“अन् चुकून ठेवली असन त? काचेच्या आतून वाफ आली म्हंते.”

“बाप्पा! थंड्या पान्यात टाकली का?”

“टाकली.”

“आता तिले काही करू नोको म्हना. हवेशीर जागी सुकू दे. वाफ आपोआप गेली त बरं, नाही गेली त दुकानात आना म्हना. मंग खिडकीत ठेवाव, काच उजेडाकडं करून, खाली लाकूड नाही त कपडा. सकायचं कवळं उन चालते. मधून-मधून बोट लावून पाहाव. बोटाले गरम लागली की उचलाव. काटा चालला म्हनून लगेच उचलू नोको म्हना, दोन-तीन रोज राहू द्याव.” मग ती जरा लाजत म्हणाली, “आमच्या ह्यायचं बरं आहे. खिडकीतच बसते, काही करावच लागत नाही.”

मी फोन ठेवला तेव्हा माझे कान तापले होते. इतकी सरळ मुलगी, तिच्याच तोंडून युक्ती काढून तिलाच फसवायची तयारी मी चालवली होती. आणि ती मला ताई म्हणत होती.

तरी घड्याळ मी खिडकीत ठेवलंच. माझ्या घराची एक खिडकी उत्तरेला आहे, तिच्याखाली मशीन. मी गोणपाट काढलं. गरम हवा भसकन आत आली, नवरा ट्रकवरून आलेला होता तो ओरडला, “भट्टी केली घराची!” मी म्हटलं, “मंग जा कुलरसमोर, मले काम आहे.” एका जुन्या ब्लाउजच्या कापडाची चौपदरी घडी केली, त्यावर घड्याळ ठेवलं. संध्याकाळपर्यंत काचेतलं धुकं कडेनं आकसत गेलं. पण काटा हलला नाही.

शुक्रवारी मी एक टाका धड घातला नसेल. दर थोड्या वेळानं बोट लावायचं. गरम? नाही. कोमट? जरासं. उचलून आत ठेवायचं, पुन्हा बाहेर ठेवायचं. सज्ज्यावर माकडं आली तेव्हा तर मी कात्री घेऊन उभी राहिले. माकडांनी आमचे आरसे नेले आहेत, एकदा नवऱ्याचा चष्मा नेला आहे. घड्याळ नेलं असतं तर मी झाडावर चढले असते. आई तीनदा येऊन गेली. दर वेळी दारातूनच विचारायची, “चाललं?” मी मान हलवायची. ती परत जायची. मामाचाही फोन आला. “काही झालं त मी सांभाळतो,” म्हणाला. मी म्हटलं, “मामा, तुमीच सांभाळलं म्हनून त हे झालं.” त्यानं फोन ठेवून दिला.

दुपारी जीवन आला. आंघोळ करून आला होता, पण कानाच्या पाळीमागं काळं तसंच. तो खिडकीशी स्टुलावर बसला आणि घड्याळाकडे पाहत राहिला. बाहेर उन्हानं रस्ता पांढरा पडला होता.

“आज टाइम ऑफिसात गेलो होतो,” तो म्हणाला.

“कायले?”

“पाहाले. रविवारी शकुनबाईनं विचारलं त? तिथं धम्मदीप बसते. त्याले विचारलं, तू दिवसभर काय करतं बा.” तो हसल्यासारखा झाला. “खिडकी आहे खरंच. पन तिच्यासमोर भिंत आहे.”

आणि तेवढ्यात काटा हलला. दोन घरं. थांबला. दोन घरं. मी जोरात जीवनच्या पाठीत धपका मारला. “चाललं! पाह्य, चाललं!” माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं तोही उडी मारेल. तो तसाच बसून राहिला.

“ताई, लगन झाल्यावर बी हे असंच ठेवाव लागन का?”

“काय?”

“रोज. पाळी झाली की पहिले तुह्या घरी येऊन खिडकीत ठेवाव लागन. मंग घालून तिच्यासमोर जाव लागन.”

मी म्हटलं, “रविवार त निघू दे.” तो चहा अर्धाच प्यायला आणि उठून गेला.

शनिवारी दुपारपर्यंत काटा एक-एक घर चालू लागला. धुकं पार गेलं होतं. मी मोबाइल पाहून वेळ लावली, पट्टा पुसला, घड्याळ आईच्या हातात दिलं. आईनं ते कानाशी नेलं, डोळे मिटले आणि त्या आठवड्यात पहिल्यांदा ती पोटभर जेवली. मीही शांत व्हायला हवं होतं. पण झाले नाही. आता काही दिसणार नव्हतं, कोणी पकडणार नव्हतं, आणि तेच मला बोचत होतं. लबाडी इतकी नीट जमून आली होती की आता तिला संपायला कारणच उरलं नव्हतं.

रविवारी तुमसरच्या दुकानात आम्ही गाद्यांवर बसलो. एका बाजूला आई, मी, जीवन, मामा. समोर शकुनबाई आणि प्रतिक्षा. नोकर साड्यांवर साड्या उलगडत होता. प्रतिक्षानं बसल्या-बसल्या पहिली नजर टाकली ती जीवनच्या मनगटावर. काटा एक-एक घर चालत होता, शहाण्या मुलासारखा.

“बराबर चालून राहिली ना?” तिनं विचारलं.

“हो,” जीवन म्हणाला.

“आई, पाह्य. मी म्हटलं होतं ना.” तिनं कौतुकानं त्याचा हात आईकडे वळवला. शकुनबाईनं घड्याळ पाहिलं, मग त्याचा चेहरा पाहिला, आणि ती आमच्या आईला म्हणाली, “इहीनबाई, खरं सांगू? साक्षगंधापासून मी सुखानं झोपून राहिली. इतक्या वर्सात पहिल्यांदा.”

आई कसनुशी हसली. मामानं घाईघाईनं एक हिरवी साडी पुढं ओढली. “हे पाहा, हे कशी आहे?”

“मी खाली असतो,” जीवन म्हणाला.

नोकराच्या हातात साडी अर्धी उलगडलेली राहिली. मामा हसला. “खाली म्हंजे खालच्या मजल्यावर...”

“मामा, चूप राहा.” माझ्या भावाला मी मामासमोर असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. तो थांबला नाही. “मी भुयारात असतो. लागलो तवापासून तिथंच. टाइम ऑफिसात मी नाही. खिडकी बी नाही, कडुलिंब बी नाही, खार बी नाही. हे घडी बंद पडली होती. ताईनं खिडकीत ठेवून चालू केली.”

शकुनबाई उठून उभी राहिली. तिच्या मांडीवरच्या साड्या घसरल्या. “चाल,” ती पोरीला म्हणाली. “ऊठ, प्रतिक्षा.”

प्रतिक्षा उठली नाही. ती माझ्याकडे पाहत होती. “गुरुवारच्या फोनवर... ते ह्यायच्याच घडीचं होतं?”

“हो,” मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

तिनं मान वळवली. मला वाटलं रडेल. ती रडली नाही, लालबुंद झाली होती. “तुमी आजच काहून सांगितलं?” तिनं जीवनला विचारलं. “घडी त चालू होती. मले त काहीच समजलं नसतं.”

“म्हनूनच,” तो म्हणाला. “बंद असती त सापडलो म्हनून सांगितल्यासारखं झालं असतं.”

बाजूच्या गादीवरचं गिऱ्हाईक आमच्याकडे टकामका पाहत होतं. प्रतिक्षानं हात पुढं केला. “सोडा ते.” जीवननं पट्टा सोडला आणि घड्याळ तिच्या तळहातावर ठेवलं. आईच्या तोंडून हुंदका निघाला. साक्षगंधाचं घड्याळ परत जाणं म्हणजे काय हे आम्हाला कोणी समजावून सांगायला नको होतं. त्या क्षणी मला मामाचा, आईचा, जीवनचा आणि सगळ्यात जास्त स्वतःचा संताप आला. चार शब्द फेब्रुवारीत बोलले असते तर हा दिवस आलाच नसता.

प्रतिक्षानं घड्याळ स्वतःच्या मनगटावर बांधलं. शेवटच्या भोकातही ते सैल होत होतं.

“हे मी घालीन,” ती म्हणाली. “मी उजेडात रायते. तुमाले सेलवालं पाहिजे.”

“प्रतिक्षा!” शकुनबाई ओरडली. “तुले समजते का तू काय बोलून राहिली? रोज पाळी सुटायची येळ झाली की दारात जाऊन उभी राहशीन तू. भाजी लागन चुलीवर, तरी उभी राहशीन. मी राहत होती ना! मले विचार!”

“राहीन,” पोरगी म्हणाली. “माहीत असून उभी राहीन. पन खोटं बोलले हे, त्याचं मी नंतर पाहून घेईन. सोडनार नाही ह्यायले.” आणि जीवनकडे वळून, “खार म्हने!”

ती उठली, चपला घातल्या आणि बाहेर पडली. कुठं जाते ते कळेना. आम्ही सगळे तिच्यामागं, भर दुपारच्या उन्हात, ओढण्या-पदर डोक्यावर घेऊन. शकुनबाई सगळ्यात मागं होती. ती सरळ बसस्टँडवर जाईल आणि सिहोऱ्याची गाडी धरेल असं मला वाटत होतं. मी दर चार पावलांवर मागं वळून पाहत होते. ती येत होती, पण आमच्यासोबत येत नव्हती.

प्रतिक्षा आपल्याच दुकानात शिरली. काउंटरचा लहान दरवाजा उघडून आत गेली, मालकाला काहीतरी सांगितलं, आणि सेलवर चालणारी घड्याळं काचेवर मांडली. जीवनला तिनं विचारलंही नाही. एक उचललं, ठेवलं, दुसरं उचललं. ती घड्याळांविषयी बोलत होती, गिऱ्हाइकाशी बोलावं तसं: हे पाण्याला चालते, याची काच जाड आहे, याचा पट्टा घामानं खराब होत नाही. शेवटी जाड काळ्या पट्ट्याचं एक तिनं बाजूला काढलं.

शकुनबाई इतका वेळ दाराशी, सावली आणि उन्हाच्या मध्ये उभी होती. आई तिच्याजवळ जाऊन काही बोलायला गेली तर तिनं हात झटकला. मग ती एकटीच आत आली, काउंटरपाशी गेली आणि ते काळं घड्याळ उचललं.

“याचे काटे चमकतात का?” तिनं विचारलं.

“चमकतात, आई.”

शकुनबाईनं पोरीच्या शब्दावर विश्वास ठेवला नाही. तिनं घड्याळ एका तळहातावर घेतलं, दुसरा तळहात वरून पालथा घातला, अंगठ्यांमध्ये बारीकशी फट ठेवली आणि डोळा त्या फटीला लावला. दुकानात ट्यूबलाइट होती, म्हणून तिनं वरून पदरही ओढून घेतला. बराच वेळ ती तशीच वाकून, पदराच्या आत, आपण केलेल्या अंधारात पाहत राहिली.

मग तिनं पदर बाजूला केला. डोळे ओले होते, ते तिनं पुसले नाहीत.

“अंधारात दिसते,” ती म्हणाली, आणि घड्याळ माझ्या भावाकडे दिलं.